कॅरॅव्हॅन आणि विल्फ आजोबांचा नियम

शनिवारी सकाळपासून लॉर्ना कॅरॅव्हॅनमध्ये चढत होती आणि उतरत होती. इंग्लंडातल्या चॉर्लीजवळच्या त्या विक्रीच्या आवारात पांढऱ्या कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरं, ओळीनं उभ्या, प्रत्येकीच्या दारात बूट काढून ठेवलेले आणि आत कुणाचं तरी अख्खं कुटुंब गाद्यांवर आडवं पडून छताकडे बघतंय. घेण्याआधी झोपून बघायचं, ही तिथली रीतच होती. लॉर्नाचा नवरा कॉलिन मात्र दुसऱ्याच गादीवर चक्क घोरायला लागला.

"ऊठ की रे!" लॉर्नानं त्याच्या पायाला चिमटा काढला. "लोक हसतायत."

"तपासतोय मी," तो डोळे न उघडता म्हणाला. "गादी पास."

खरी तपासणी लॉर्नाचे वडील विल्फ करत होते. चाळीस वर्षं गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढलेला माणूस. बायको डोरीन गेली तेव्हा त्यांनी आपली कॅरॅव्हॅन विकून टाकली, पण तोरा विकला नव्हता. ते अंगठ्यानं भिंती दाबून ओल शोधत, कपाटात डोकं घालून वास घेत, आणि विकणाऱ्या बेव्हर्लीबाईंना तोंडावर सांगत, "बाई, ही वरून नवरी आहे, आतून स्पंज." बेव्हर्लीबाई हसून पुढची दाखवत. विल्फसारखी गिऱ्हाइकं त्यांना रोज भेटत असणार.

लॉर्नाला ना ओलीचं पडलं होतं ना गादीचं. ती प्रत्येक कॅरॅव्हॅनमध्ये शिरायची ती थेट टॉयलेट बघायला. कारण होती तिची लेक हेटी. अकरा वर्षांची पोर, आतड्यांचा हट्टी आजार. लागली की लागली, मिनिटभर धीर धरता यायचा नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी वेल्सच्या किनाऱ्यावर टॉयलेटसमोर भलीमोठी रांग होती आणि नको तेच झालं, पोहण्याच्या कपड्यांत, भर गर्दीत, सगळ्यांदेखत. त्यानंतर हेटीनं कानाला खडा लावला. शाळेची सहल नको, मावशीकडे नको, समुद्राचं तर नावच नको. मग या वसंतात एकदा जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "आपलं स्वतःचं टॉयलेट बरोबर असेल, तर येईन मी." लॉर्नानं ते वाक्य घट्ट धरून ठेवलं होतं. हेही फसलं तर पोरगी पुन्हा कधी घराबाहेर पडायचं नाव काढणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

विल्फना यातलं काही ठाऊक नव्हतं. "हेटीचं पोट जरा नाजूक आहे," एवढंच त्यांच्या कानावर होतं. त्या घरात हवामानावर आणि फुटबॉलवर तासन्‌तास गप्पा व्हायच्या. पोटाखालच्या गोष्टींवर चकार शब्द नाही. काय म्हणावं या लोकांना!

पहिल्या कॅरॅव्हॅनचं टॉयलेट पार मागच्या टोकाला, म्हणजे रात्री आईबापांच्या अंगावरून उड्या मारत जा. ती बाद. दुसरीचं दार बिछाना उघडला की अडकायचं. तीही बाद. पुढच्या एकीत मात्र टॉयलेट मधोमध होतं, एकावर एक असलेल्या दोन बिछान्यांना अगदी लागून. हेटी आत गेली, दार लावलं, कडी ओढून पाहिली, बाहेर आली. मग खालच्या बिछान्यावर पडून तिनं डोळे मिटले आणि हात लांब केला. हात बरोब्बर दाराच्या मुठीवर पडला.

"आई, हीच," ती म्हणाली. आणि हसली. लॉर्नाला वाटलं, आत्ता या क्षणी पैसे मोजून मोकळं व्हावं.

"घ्या, घ्या," विल्फनी बाकड्यावर बैठक मारली. "कोरडी ठणठणीत आहे. पण एक नियम आत्ताच सांगून ठेवतो. आत फक्त एक नंबर. दोन नंबरला मुक्कामाच्या कॅम्पसाइटवरच्या सामाईक संडासात जायचं. चाळीस वर्षांत आमच्याकडे कुणाची टाप नव्हती नियम मोडायची. डोरीनसुद्धा धो धो पावसात छत्री घेऊन जायची. टॉयलेटखालची ती मैल्याची टाकी उपसणार कोण, सांगा!"

"अहो, सगळ्यांच्या घरी हाच नियम," बेव्हर्लीबाई खिदळल्या. "आमच्या टॉयलेटमध्ये तर आम्ही वाइनच्या बाटल्या ठेवतो!"

कॉलिनही सवयीनं हसला आणि मग त्यानं जीभ चावली. हेटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं दारात जाऊन बूट चढवले आणि सरळ गाडीत जाऊन बसली.

कॉलिन तिच्यामागे गेला. बेव्हर्लीबाईंना काहीतरी बिनसल्याचा वास आला, त्या चहा आणायच्या निमित्तानं सटकल्या. लॉर्नाचं डोकं असं सणकलं होतं की तिनं वडिलांच्या समोर बसून सगळं सांगून टाकलं. किनारा, रांग, ते कपडे, हसणारी दोन पोरं, सगळं. आवाज न उतरवता. विल्फचे कान लालबुंद झाले.

"मला कुणी काही बोललं कसं नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"असलं कुणी विचारतं का गं?" ते पुटपुटले, आणि आपले मोजे वर ओढत बसले.

कॅरॅव्हॅन तरीही घेतली. कॉलिननं हळूच विचारलं, "घ्यायची ना?" आणि लॉर्ना म्हणाली, "घ्यायचीच." हट्टानं म्हणाली.

आठवडाभर कॅरॅव्हॅन घरासमोर उभी राहिली आणि हेटी तिच्याकडे मान वळवूनही बघेना. "तुम्ही जा दोघं. मी आजोबांकडे राहते."

"अगं, तुझ्यासाठीच आणलीय ना! आपल्याकडे नाहीये तो नियम."

"पण बाकी सगळ्यांकडे आहे," हेटी म्हणाली. "म्हणजे ते घाणच आहे ना, आई? मी घाण करणार आणि तुम्ही नाक दाबून बसणार."

लॉर्ना स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

शुक्रवारी चहाच्या वेळी विल्फ बसनं आले. काखेत वर्तमानपत्र. घरात न येताच त्यांनी कॉलिनला हाक मारली. "टाकीत ते वास मारायचं निळं औषध घातलंयस का?"

"घातलंय. का?"

"पाणी?"

"तेही आहे. पण झालंय काय?"

"हेटीला बाहेर बोलाव."

हेटी दारात येऊन उभी राहिली. विल्फनी तिच्याकडे पाहून घसा खाकरला, बूट काढले, कॅरॅव्हॅनमध्ये चढले आणि टॉयलेटचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. पलीकडे कुंपण कापत असलेले शेजारी, मिस्टर पिकअप, कात्री थांबवून बघायला लागले.

वेळ गेला. बराच गेला. आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहात ना, बाबा?" लॉर्नानं विचारलं.

"घाई करू नका!" आतून गर्जना झाली. "चाळीस वर्षांची सवय मोडतोय!"

हेटीच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. मग पाणी सोडल्याचा आवाज आला, कडी निघाली आणि विल्फ पायरीवर येऊन उभे राहिले, ताठ.

"झालं," ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दोन नंबर. नियम संपला. पिकअप, तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं बुवा," मिस्टर पिकअप म्हणाले आणि घाईघाईनं कुंपण कापायला लागले.

"आणि आणखी एक. मीही येतोय बरोबर, आणि टाकी मी उपसणार. सुट्टीभर, कुणीही जावो, कितीही वेळा जावो. माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

"आजोबा," हेटी नाक धरून म्हणाली, "निदान खिडकी तरी उघडायचीत!"

"विसरलो गं. नवखा आहे मी."

हेटी इतकी हसली की खालीच बसली. मग डोळे पुसत उठली, स्वतः आत गेली आणि खिडकी उघडून आली. त्या संध्याकाळी तिनं आपली उशी आणि पांघरूण नेऊन खालच्या बिछान्यावर टाकलं. लॉर्नानं फक्त दारातून पाहिलं आणि मागे फिरली. बोललं की विस्कटेल अशी भीती वाटत होती तिला.

कारण खरं काय ते रस्त्यावर कळणार होतं. शाळेला सुट्टी लागली तशी मंडळी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्याला निघाली, आजोबा पुढं कॉलिनशेजारी, मायलेकी मागे. अर्धी वाट छान गेली. मग हेटीनं एकदम लॉर्नाचा हात पकडला. "आई. थांबायला सांग. आत्ता."

कॉलिननं रस्त्याकडेच्या थांब्यात गाडी घातली. लॉर्नानं पळत जाऊन कॅरॅव्हॅनचं दार उघडलं, हेटी आत घुसली. मोठाले ट्रक घोंघावत जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी कॅरॅव्हॅन हलत होती. लॉर्ना पायरीशी उभी होती, कपड्यांची आणि टॉवेलची पिशवी छातीशी धरून. देवा, एवढं एकदा. फक्त एवढं एकदा होऊ दे.

दार उघडलं. हेटी ओले हात हाफ पँटला पुसत बाहेर आली.

"ती पिशवी कशाला काढलीस? ठेव ना आत," ती म्हणाली. मग पुढच्या खिडकीशी जाऊन वाकली. "आजोबा, पोचल्यावर तुम्हाला काम आहे बरं का."

"मोठं?"

"चांगलंच मोठं."

"भले शाब्बास," विल्फ म्हणाले.

गाडी पुन्हा निघाली. हेटीनं पट्टा लावला, खिडकीला नाक चिकटवलं. दोन वर्षांत गाडीत बसल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला होता, पुढचं टॉयलेट कुठे आहे. आज ती म्हणाली, "समुद्र कुठल्या बाजूला दिसणार? माझ्या की आईच्या?"

"तुझ्या," कॉलिन म्हणाला.

लॉर्नाचा जीव असा भांड्यात पडला की तिला हुंदकाच फुटला. तिनं तोंडावर हात दाबला, पण पोरीनं ऐकलंच.

"अगं आई, रडतेस काय?" हेटी म्हणाली. "सुट्टीला चाललोय ना आपण!"