राखाडी कार्ड

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, कापड रंगवण्याच्या एका कारखान्यातील वाळवणीच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीखाली, तीनशे मीटर फिकट हिरवे कापड नापास होण्याच्या बेतात होते. तपासनीस साहेबांनी रंगाऱ्याच्या थोरल्या लेकीच्याच फोनचा पडदा तिच्यासमोर धरला. पडद्यावरचे कापड राखेत जांभळे कालवल्यासारखे दिसत होते.

"पुन्हा रंगवा," साहेब म्हणाले.

"पुन्हा रंगवलं तर काळवंडेल. डोळ्यांनी बघा ना! हिरवं आहे की नाही?"

"माझ्या डोळ्यांना इथं मत नाही, ताई. गिऱ्हाईक दूरदेशी, ते फोटोच बघतं. आणि हा रॉ फोटो, फोननं काडीचीही रंगरंगोटी न केलेला. तो कशाला खोटं बोलेल?"

"कोऱ्या ताग्याला कुठला रंग, साहेब? रॉचंही तसंच. बिनरंगी कशाला म्हणायचं ते आपण सांगायचं, मग बाकीचे रंग ठरतात."

"मग हिरवं दिसेपर्यंत ॲपमध्ये रंग सरकवा. मी दुसरीकडे बघतो."

"नाही सरकवणार! कापड खरं असताना लबाडी कशाला करू?"

बादली विसळणारे बाबा पुटपुटले, "हट्ट सोड गं. त्या ॲपचंच काहीतरी खूळ." चाळीस वर्षांत त्यांचा एकही तागा परत आला नव्हता, आज आवाज मात्र पार उतरला होता.

"ॲपचं असेल तर ॲपच्या पदरात घालू, बाबा. कापडाच्या नाही."

तिने बाह्या सरसावल्या. कापडाशेजारी बिनरंगाची खूण म्हणून ठेवायचे नेहमीचे राखाडी कार्ड ठेवून एक फोटो खिडकीच्या उजेडात काढला, एक दिव्याखाली. दोन्ही वेळा कार्डावर बोट टेकवून 'हे बिनरंगी' असे ॲपला बजावले. दोन्ही वेळा तेच जांभळट ध्यान उमटले. उजेड बदलला तरी दोष हलला नव्हता, म्हणजे उजेड निर्दोष सुटला. मग तिने साहेबांचा फोन मागून घेऊन त्यानेही तसेच केले. कंपनी वेगळी, ॲप वेगळे, जांभळेपणा तोच.

"ॲपही सुटलं. आता राहिलं कोण?"

तिघांच्याही नजरा कार्डावर गेल्या.

"बाबा, हे इतकं स्वच्छ कसं?"

"दर शनिवारी धुतो की. आपल्या बोटांचे डाग पडतात त्यावर."

"कुठल्या पाण्यात?"

बाबांनी हातातल्या बादलीकडे पाहिले. शेवटच्या विसळणीचे पाणी वाया घालवायचे नाही, अवजारे त्यातच धुवायची, हा त्यांचाच दंडक. आणि चार महिने कारखान्यात हिरव्याखेरीज दुसरा रंग नव्हता.

"म्हणजे मी त्याला रंगवत होतो होय!"

"दर शनिवारी थोडंथोडं, म्हणून डोळ्याला कळलं नाही. पण या हिरवटाला आपण बिनरंगी म्हणालो, आणि फोननं सगळ्या फोटोतलं तेवढं हिरवं काढून टाकलं."

तिने खणातून नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप काढली, पाण्याचा थेंबही न लागलेली. आठपदरी घडी करून कापडावर ठेवली, फोटो काढला आणि बोट कार्डाऐवजी टेपवर टेकवले. कापड पुन्हा फिकट हिरवे झाले. कोपऱ्यातले कार्ड शेवाळलेल्या फरशीसारखे दिसू लागले.

साहेबांनी वहीतले मंजूर छटेचे आकडे पडद्यावरच्या आकड्यांशी ताडले. समाधान झाले नाही, म्हणून पुन्हा ताडले. बाबांनी हिरवी बोटे पाठीमागे लपवली होती.

"कापड पास," साहेब म्हणाले. "कार्ड फेकून द्या."