पाचव्या आठवड्यात काढलेलं नाव

अमरावतीच्या कमलाकांत वकिलांकडे त्या शनिवारी अकोल्याहून त्यांची बहीण आणि मेहुणे जेवायला आले होते. वकिलांच्या पत्नी कुंदाताईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. पानं वाढून झाली तेव्हा मुलगा यशोधन घरी आला, हातपाय धुऊन पाटावर बसला. पण नखांतलं काळं काही गेलं नव्हतं.

"काय रे, हल्ली काय करून राहिलास?" मेहुण्यांनी विचारलं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटल्यापासून हा मुलगा घरात जेमतेम बोलायचा. पण त्या दिवशी त्याला कंठ फुटला. "प्री-अप्रेंटिसशिपचा वर्ग लावलाय काका. तीन महिन्यांचा. ज्या त्रिकोणमितीनं मला रडवलं ना, ती आता लोखंड कापताना आपोआप कळते! सर म्हणतात, इथून कारखान्यात अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून घेतात आणि पुढे डिप्लोमाही करता येतो."

"म्हणजे फिटर होणार तू? वकिलाचा मुलगा?" मेहुणे मोठ्यानं हसले.

कमलाकांतरावांनी पानावरून मान वर केली नाही. पाहुणे गेल्यावर मात्र ते एकच वाक्य बोलले, "सोमवारपासून तिकडे जायचं नाही." यशोधननं आईकडे पाहिलं. आईनं उष्टी पानं उचलायला सुरुवात केली.

नाव काढायला गेल्या त्याही कुंदाताईच. असल्या ठिकाणी कोणी ओळखीचं भेटेल म्हणून वकीलसाहेब गेले नाहीत. वर्ग चालवणारे सहदेव सर मोर्शीकडच्या शेतकरी घरातले. अर्ज वाचून ते गांगरले.

"ताई, पोराले काहून काढून राहिल्या? लय चांगला हात आहे त्याचा. मोजमाप झालं, ड्रॉइंग झालं, कानशीनं लोखंड घासणं झालं. मशीनीले अजून हात लावू देल्ला नाही. तिच्यापासून जीव कसा वाचवायचा, ते आता या पाचव्या आठवड्यात शिकवतो. निदान तेवढं तरी शिकू द्या."

"घरचा निर्णय आहे," कुंदाताई म्हणाल्या आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही करून बाहेर पडल्या.

यशोधनला अकोल्याला आत्याकडे ठेवलं आणि बँकेच्या परीक्षांचा क्लास लावला. फोनवर तो सांगायचा, "बरं चाललंय." चार महिने गेले. एका दुपारी अकोल्याच्या दवाखान्यातून फोन आला.

तो क्लासला जातच नव्हता. गावाबाहेरच्या एका शेडमध्ये यंत्रावर पत्र्यातून झाकणं कापून काढायच्या कामाला लागला होता. मालकानं विचारलं होतं, "येते का काम?" यंत्रांची ओढ लागलेला मुलगा "येते" म्हणाला. काम भराभर उरकावं म्हणून मालकानं, हात आत जाऊ नये म्हणून यंत्राला असलेली जाळी काढून ठेवलेली होती. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

कुंदाताई पोचल्या तेव्हा तो शुद्धीवर होता. रडत नव्हता. लहानपणी काही फुटलं की सांगायचा, त्याच आवाजात म्हणाला, "आई, पत्रा अडकला होता गं. आधी बटण बंद करायचं असतं. मला माहीत नव्हतं."

इतकं साधं होतं ते! एका सकाळीत शिकून झालं असतं. कुंदाताईंनी त्याच्या पायावर डोकं टेकलं. त्यांना ना हुंदका आवरला, ना त्याच्या डोळ्यांत बघवलं.

बाहेर कमलाकांतराव कोणाला तरी फोनवर सांगत होते, "त्या मालकाला मी सोडणार नाही. कोर्टात खेचतो."

कुंदाताई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पंचवीस वर्षांत त्या नवऱ्याला उलट बोलल्या नव्हत्या. "जरूर खेचा. पण आरोपींत आपल्या दोघांचीही नावं घाला. तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही त्याला काढलं, आणि मी सही केली."

वकीलसाहेबांचा फोन कानाशीच राहिला.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. सहदेव सरांनी यशोधनला परत वर्गात घेतलं आहे. तो डाव्या हातानं ड्रॉइंग शिकतो. रेषा अजून हलते, मग तो कागद चुरगाळतो. ज्या कामात त्याचा जीव होता, ते काम त्याच्या हातून आता होणार नाही, हे त्याला कळतं. आईलाही कळतं.

प्रवेशाचे दिवस आले की कुंदाताई सरांबरोबर निघतात, वकिलांच्या, शिक्षकांच्या, भटजींच्या घरी जाऊन मुलांना या वर्गात पाठवा म्हणून सांगतात. लोक चहा देतात, विषय बदलतात. परवा एका प्राध्यापकांनी स्पष्टच सांगितलं, "आमच्याकडे हे काळ्या हातांचं काम कोणी केलेलं नाही हो."

"आमच्याकडेही नव्हतं केलं," कुंदाताई म्हणाल्या. "तुमच्या मुलाला घेऊन एकदा आमच्याकडे या. यशोधनला भेटा."

प्राध्यापक अजून आलेले नाहीत. त्यांचा मुलगा मात्र काल एकटाच आला होता.