लोटूमामांना निजवणारा अ‍ॅम्प

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या भूपेंद्रला बँड काढून गिटारवर हेवी मेटल वाजवायचं होतं. तालमीला नि रेकॉर्डिंगला जागा एकच, लोटूमामांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, तोही सुट्टीच्या दिवशी. अडचण इतकीच, की मामा तिथेच झोपत. त्यांची झोप मोडली की जागा गेली.

म्हणून जुने ट्यूब अ‍ॅम्प विकणाऱ्या सागरनं दोन नग थेट मामांच्या खाटेपाशी आणले. पहिला छोटा, अगदी सभ्य. भूपेंद्रनं हळूच तार छेडली. मामांनी डोळा उघडला.

"कोन कुजबुज करी ऱ्हायना रे?"

दुसरा शंभर वॉटचा, कपाटाएवढा. ट्यूब तापल्यावर भूपेंद्रनं आवाज पुरता सोडला. छताचे पत्रे लिंबायतपर्यंत उडाले, हजीऱ्याच्या बंदरातल्या जहाजानं भोंगा वाजवून उत्तर दिलं. आणि मामा कूस बदलून घोरू लागले. जन्मभर लूमच्या खडखडाटात झोपलेला माणूस तो, त्याला शांतताच टोचायची.

"सागरभाई, हाच द्या," भूपेंद्र म्हणाला.

रेकॉर्डिंगला मात्र गाण्यात हळुवार जागा आली, की मामा उठून शिव्या देत. शेवटी सगळ्या हळुवार जागा कापून टाकल्या. इंटरनेटवरचे जाणकार आता त्यालाच या बँडची क्रांतिकारक शैली म्हणतात.