उन्हात टांगलेली बंदूक

भोक लहानच होतं, करंगळीचं टोकसुद्धा आत जाणार नाही एवढं, पण झाकणाचा पत्रा पलीकडच्या बाजूला फुलून आला होता आणि त्या फुललेल्या कडेवरून शिवगंगा पुन्हापुन्हा अंगठा फिरवत होती. वाटाण्याएवढी पांढरी प्लॅस्टिकची गोळी... खेळण्यातली. पहाटे गार वाऱ्यात तिने हीच बंदूक पुठ्ठ्यावर झाडून पाहिली तेव्हा पुठ्ठा फाटला होता, बस्स, तेवढंच. मग ती मागच्या पत्र्याला टेकवून ठेवली, भाकऱ्या झाल्या, ऊन पत्र्यावर आलं, पत्रा तापला, आणि सहज म्हणून—खरंच सहज?—तिने पावडरीच्या डब्याच्या झाकणावर दुसरी गोळी झाडली. आवाजच वेगळा आला. झाकण उचलून ती बघते न बघते तोच तिचे यजमान मन्मथप्पा आत येऊन बंदूक घेऊन गेले होते.

आता बंदूक त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या दारात, पाटीखालच्या खिळ्याला टांगलेली होती. पडद्याच्या फटीतून शिवगंगेला नळीचं काळं टोक दिसत होतं. ऊन अजून पायरीवर होतं, पण वर सरकत होतं.

वडवणीचा आज बाजार. येणारा-जाणारा त्या बंदुकीपाशी थबकत होता आणि मन्मथप्पा कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांखालून डोळे बारीक करून सांगत होते, मस्कतहून आलीय, आबासाहेब मुकादमाच्या मेव्हण्यानं आणलीय, गॅसवर चालती, जीव न्हाई घेत कुणाचा, नुसती वानरं हाकलायला. मुकादम उसाच्या टोळ्या घेऊन कारखान्याकडे निघाले तेव्हा जाता जाता ती इथे टाकून गेले होते. गॅस गळायचा, गोळी दहा पावलांवर मरून पडायची, आणि आंब्याच्या बागेतली वानरं म्हणे तिच्याकडे बघून दात काढायची. वानराला मारायचं कुणाच्या मनात नव्हतंच. मेलं तर गाव त्याला माणसासारखं मूठमाती देतं, दहावा घालतं. नुसतं चटका बसून पळालं पाहिजे. 'सीजन संपल्यावर नेतो, आप्पा, जरा जोर आला पायजे तिच्यात,' एवढं बोलून ते गेले होते.

जोर. तो तिने आणला होता. स्टोव्हच्या पंपाचा कातडी वायसर कापून, तेलात भिजवून तिने गळती बंद केली. लायटरचा गॅस थंडीत मेल्यासारखा होतो हे तिला स्वयंपाकघरानेच शिकवलं होतं, म्हणून शेगडीच्या छोट्या सिलिंडरवरून भरायची तोटी बसवली, आतली स्प्रिंग बदलली, झडपेचं भोक घासून मोठं केलं. सगळं पडद्याआड. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या हाताला कंप सुटला तेव्हा एक दिवस त्यांच्या हातून स्क्रू पडला, पुन्हा पडला, पुन्हा पडला, आणि तिने तो उचलून बसवला. दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, 'इथं एक पडदा लावून घे.' त्या विषयावर नवराबायकोत झालेलं बोलणं तेवढंच. तेव्हापासून गिऱ्हाइकं त्यांच्या हातात वस्तू देत होती, त्यांच्या हातातून नेत होती, 'आप्पाच्या हाताला गुण हाय' म्हणत होती, आणि बाजाराच्या दिवशी आप्पा तिच्यासाठी न चुकता भजी आणत होते. गरम असायची. ती खायची. त्यात वाईट काय होतं?

काहीच नव्हतं... पण आज आबासाहेब येणार, आणि आप्पांची ती परीक्षा.

ती सगळ्या बाजारपेठेला माहीत होती. दुरुस्त केलेली कुठलीही वस्तू आप्पा आधी स्वतःवर घेऊन दाखवत. स्टोव्ह असला की भडकवून ज्योतीवरून तळवा फिरवायचे, इस्त्री असली की वायरीला बोट लावायचे. 'आधी माझ्यावर, मग तुमच्या घरात,' हे ठरलेलं वाक्य. हात कापायला लागल्यापासून तर ही परीक्षा जास्तच झोकात चालायची, कारण तळवा कुठेतरी दाबून धरला की कंप दिसत नाही. बंदुकीचीही परीक्षा त्यांनी पौषात एकदा घेतली होती, घरातच. नळीवर तळवा दाबला, तिला म्हणाले, ओढ चाप. तिने ओढला. आणि ते हसले होते. 'गुदगुल्या होतेत की गं! एवढे दिस हेच करीत बसलीस व्हय?'

गेल्या दोन वर्षांत तिच्या कामाबद्दल ते जे काही बोलले, ते हे.

ऊन खिळ्यापर्यंत पोचलं. बंदुकीचा धातू चमकला. शिवगंगेने झाकण खाली ठेवलं आणि पडद्याला तोंड लावून म्हणाली, "अहो, ती बंदूक उन्हात कावून टांगली? आत द्या जरा."

"दिसू दे की लोकांला."

"तापली म्हंजी..." ती अडखळली. बाकावर शेजारचे शिंपी सुंदरराव पेपर धरून बसले होते आणि त्यांचे कान पेपरात नव्हते. तापली म्हणजे गॅस फुगतो, जोर दुप्पट होतो, झाकणाला भोक पडलंय—हे बाईमाणसाला कसं माहीत? पुढचा प्रश्न तोच आला असता. "तापली म्हंजी रंग जाईल," ती म्हणाली.

"वैनीला बंदुकीची बी काळजी!" सुंदरराव हसले. आप्पाही हसले. तेच हसणं. तिला आपलाच राग आला, रंग जाईल म्हणे! दुसरं काही सुचू नये?

तिने पुन्हा हाक मारली, "जरा आत या, काम हाय." ते म्हणाले, थांब. मग तिने मुद्दाम पाना फरशीवर टाकला. आवाज झाला आणि विरला. आता आबासाहेबांचा भरदार आवाजच पायरीवर होता, रापलेला चेहरा, खांद्यावर टॉवेल, "काय आप्पा, झाली का आमची फौज तयार?"

"तयार म्हंजी? हातात घिऊन बघ."

"लई तापलीय की."

"तापू दे. आधी माझ्यावर, मग तुझ्या बागंत."

शिवगंगा उठली. पडद्याची कड तिच्या मुठीत होती. दुसऱ्या हाताने तिने गळ्यातलं इष्टलिंग धरलं होतं, कधी धरलं ते कळलं नव्हतं. एक पाऊल बाहेर टाकायचं, थांबा म्हणायचं, एवढंच तर होतं... मग सुंदरराव विचारतील, मुकादम विचारतील, संध्याकाळपर्यंत बाजाराला कळेल की आप्पांचे हात गेले आणि बायको पडद्याआड बसून रांधल्यासारखी यंत्रं जुळवते. या माणसाजवळ दुसरं काय उरलंय? नावच तर उरलंय. नाव जाण्यापेक्षा तळवा भाजलेला बरा, तळवा बरा होतो... असं ती स्वतःला समजावत होती, आणि तिला ऐकू येत होतं की ती समजावते आहे. आप्पांनी उजवा तळवा नळीच्या टोकावर दाबला. कंप थांबला. हात अगदी तरण्या माणसाचा दिसत होता.

बोल. आता बोल. जीभ दातांना टेकली होती, 'थांबा'मधला थ तयार होता.

"वढ," आप्पा मुकादमांना म्हणाले.

फट्ट.

आप्पांचा चेहरा हलला नाही. फक्त भस्माच्या पट्ट्यांमध्ये एक आडवी सुरकुती उमटली आणि मूठ हळूहळू मिटली.

"लागलं का आप्पा?"

"ह्यॅ." त्यांनी मूठ धोतराच्या सोग्यात घेतली. "झकास झालीय. घिऊन जा. पर एक ऐक, वानराच्या अंगावर न्हाई मारायची. फांदीवर मार, आवाजानंच पळतेत. आन् ल्हान्या पोरास्नी हात लावू दिऊ नको. तोंडावर तर कुणाच्याच न्हाई. काय सांगतोय?"

"बरं बरं." मुकादम बंदूक खांद्याला लावून उन्हात उतरले, सुंदरराव त्यांच्यासोबत चार पावलं गेले आणि चहावाल्यापाशी थांबले.

मग आप्पा पडदा बाजूला करून आत आले. भर बाजारात दुकान मोकळं सोडून ते कधीच आत येत नसत. ते तिच्यासमोर खाली बसले, डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली. तळव्याच्या मध्यभागी पांढरी गोळी मांसात रुतून बसली होती, भोवती रक्ताची बारीक कड, आणि तो हात आता पुन्हा थरथरत होता, पूर्वीपेक्षा जास्त.

त्यांनी तळव्याकडे नीट पाहिलं. कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे पाहतो तसं.

"चांगलं काम केलंयस," ते म्हणाले.

ती हळदीचा डबा शोधू लागली. डबा समोरच होता. अगं, याच्यासाठी का थांबलीस? या तीन शब्दांसाठी? तिने हळद तेलात कालवली, चिमटा पुसला, त्यांचा हात मांडीवर घेतला, आणि तिच्या लक्षात आलं की फट्ट झालं त्या क्षणी, त्यांच्या कपाळावर सुरकुती उमटायच्या आधी, दया यायच्या कितीतरी आधी, आपल्या छातीत काहीतरी लख्ख उजळून गेलं होतं. झालं! गुदगुल्या नाही झाल्या! असं काहीतरी. ते मी नव्हते, असं तिने म्हणून पाहिलं. पण मग कोण होतं?

"भोक आनखी घासलंयस," आप्पा हळूच म्हणाले. ते चिडले नव्हते. चिडले असते तर सोपं झालं असतं. "पौषात एवढा जोर नव्हता तिच्यात. मंग कवा घासलंस?"

तुम्ही हसलात त्याच दिवशी. तुम्ही आंघोळीला गेलात आणि मी कानस घेतली.

"उन्हानं गॅस फुगतो," ती म्हणाली. ते खरं होतं. अर्धं खरं होतं.

आप्पा तिच्याकडे बघत होते, उत्तर अजून यायचं आहे असं. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक दुकानाच्या फळीवर नाणं आपटून त्यांना हाका मारत होतं. तिने चिमटा गोळीला लावला, आणि आपला हात जराही कापत नाही याची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.