डॉक्टरांच्या गाडीची वही

डॉक्टरांनी नवी गाडी घेतली याचा मला राग नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांची जुनी स्पोर्ट्स कार दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, महागडी आणि भारी नखऱ्याची. सतरा वर्षं तिला मीच सांभाळलं. पार्ट मिळेनासा झाला की लेथवर बनवून घ्यायचो आणि केलेलं प्रत्येक काम तारखेसकट एका वहीत लिहायचो. वही गाडीच्याच कप्प्यात असायची. डॉक्टर आल्यागेल्याला ती उघडून दाखवायचे, आमच्या उस्तादांचं काम बघा म्हणायचे. मी मान खाली घालून बोल्ट आवळत बसायचो, पण कान तिकडेच.

परवा ते नव्या गाडीतून गॅरेजवर आले. लाल, छोटी, खिशाला परवडणारी, तरी स्पोर्ट्सच. तीन वर्षांची वॉरंटी, आणि बाहेरच्या माणसाने बॉनेट उघडलं की ती बाद. म्हणजे मीही बाद. आता निवृत्त झालोय, गुडघे दुखतात, जुनीचे लाड पुरवणं होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी अभिनंदन केलं, अगदी मनापासून. आमच्या हिने चहासुद्धा टाकला.

चहा पिताना कळलं की जुनी गाडी एका बाईंनी घेतलीय, त्या इमारतींचे नकाशे काढतात, आणि त्यांचं ऑफिस माझ्याच रस्त्यावर आहे.

"त्या आल्या तर ही गाडी कधी पाहिलीच नाही म्हणा," डॉक्टर म्हणाले. "सगळं काम कंपनीत झालंय असं सांगितलंय मी. बाहेरचा हात लागलाय म्हटलं की लोक बिचकतात हो."

"आणि वही?"

"ती टाकून दिली. मनावर घेऊ नका, उस्ताद."

उस्ताद म्हणत म्हणत माणसाने केसाने गळा कापला. ते गेल्यावर बायको म्हणाली, त्या बाईंना सरळ सांगून टाका. मी तिच्यावरच खेकसलो. सतरा वर्षांचं गिऱ्हाईक, त्यांनी शब्द टाकलेला. तोंड शिवून बसायचं असं मी ठरवलं, आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आठवड्याने बाई आल्या. पलीकडच्या दाराने, गिअरवरून कसाबसा पाय काढत उतरल्या. ड्रायव्हरकडचं दार उघडतच नव्हतं. कंपनीत दाखवलं तर अख्खं दार बदला म्हणाले होते. त्या सांगत होत्या, मी ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता हाताने हँडल जरा वर उचललं, गुडघ्याने दाराला खालून रेटा दिला. दार उघडलं.

बाई आधी दाराकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तुम्ही ही गाडी ओळखता?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्याच पुढे म्हणाल्या की डॉक्टरांनी तर वेगळंच सांगितलं होतं. फार पूर्वी कोणा टपरीवाल्या मेकॅनिकने हात घालून गाडी बिघडवली होती, तेव्हापासून कंपनीशिवाय कोणाला शिवू दिली नाही म्हणे.

टपरीवाला. मी हात पुसले, बाईंना स्टूल दिलं आणि आतून एक कोरी वही आणली.

क्लच कधी टाकला, रेडिएटर कुठल्या उन्हाळ्यात गळाला, दाराचा खटका कधीपासून झिजला, सगळं महिन्यासकट डोक्यात होतं. बाई मध्ये जाऊन जेवून आल्या तरी मी लिहीतच होतो. बायको दोनदा डोकावून गेली.

जुन्या वहीत मी कधी सही केली नव्हती. कोणी मागितली नव्हती आणि मलाही लागली नव्हती. या वहीत मी प्रत्येक पानाखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.