तिच्या नावाचा कौल

डॉक्टरांनी रबरी हातमोज्याच्या एका बोटात फुंकून हवा भरली, ते गच्च झाल्यावर बुडाशी पिळून धरलं आणि आडवं मोडलं. फट्. सत्यवती दचकली. खाटेवरचा तिचा नवरा, गुरुदास, भिंतीकडेच बघत राहिला.

"नरम असताना हेच बोट कसंही वाकवा, काही होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पुरुषाच्या इंद्रियाचं आवरण तसंच. चिवट धाग्यांचं, काही उभे, काही गोल. आतून केवढातरी दाब सोसतं. पण ताठ झालं की ताणून पातळ होतं, आणि तेव्हा आडवा जोर बसला की फाटतं. तुम्ही खाणीवर ट्रक चालवता ना? गच्च भरलेला टायर कडेने दगडावर गेला की फुटतो, तसं."

आज दुपारपर्यंत शिवलं तर बरं होईल, नाहीतर कायमचं वाकडं आणि दुखरं राहील, असं त्यांनी दोनदा बजावलं. पहाटे झालं त्यात दोघांचाही दोष नाही, हेही सांगितलं. सत्यवतीचा पदर तोंडावर गेला.

गुरुदासने संमतीचा कागद हातात घेतला नाही. आई म्हणेल तसं, एवढंच बोलला. आणि व्हरांड्यात बसलेल्या आईला, चंद्रभागाबाईंना, त्याने ट्रकवरून पडलो, कमरेला लागलं, असं सांगून ठेवलेलं.

"देवाक विचारल्याबगर माझ्या झिलाक सुरी लावची नाय," त्या म्हणाल्या.

"मांय, डॉक्टर म्हणतत, येळ नाय," सत्यवती म्हणाली.

"मग हय कित्याक रवलंस? धारगळची बस धर."

डिचोलीहून निघालेली बस खनिजाच्या ट्रकांमागे अस्नोड्याला अडकली. समोरच्या भिंतीवर नव्या गोवा घटक राज्याचं स्वागत रंगवलं होतं, ते अक्षर अन् अक्षर सत्यवतीचं वाचून झालं तरी बस हलेना. सोमवारचा तिचा उपास. तोंडात नाव देवाचं होतं आणि दात आवळलेले.

धारगळला देवळात गर्दी होती. सखाराम गुरवाने कौल घ्यायला ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तिने हळूच काहीतरी सांगितलं, ते त्याला ऐकू गेलं नाही.

"बायो, मोठ्यान सांग. कोणाचा, काय दुखता? अर्धवट विचारल्यार देव तरी काय सांगतलो?"

तिने मागे पाहिलं. गुरुदासच्या खाणीवरचे दोघे हात जोडून उभे होते.

"माझा," ती म्हणाली. "माझ्या पोटाचा आपरेशन."

मागच्या बायका चुकचुकल्या. लग्नाला तीन वर्षं होऊन घरात पाळणा नाही, त्याचं कारण त्यांना आता आयतंच मिळालं होतं. सखारामने तिचं नाव घेऊन, तिच्या पोटाचं, खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. पाकळी डावी पडली. पुन्हा घातलं. पुन्हा डावी.

"देव नको म्हणता, बायो."

तो पाकळी बाजूला सारणार, तेवढ्यात तिने ती उचलली आणि पदराच्या गाठीत बांधली.

परतीच्या बसमध्ये तिला राग धरायचा होता. नवऱ्यावर धरावा, सासूवर धरावा की स्वतःवर, ते ठरेना. सखारामचं गाऱ्हाणं तिने मनात शब्दन् शब्द पुन्हा म्हटलं. त्यात गुरुदासचं नाव कुठेच नव्हतं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देवाने दिलं होतं. देवाचा कौल तिने आयुष्यात कधी मोडला नव्हता, तसा हाही ती मोडणार नव्हती: तिच्या पोटाला सुरी लागणार नव्हती.

इस्पितळाच्या घड्याळात सव्वाबारा झाले होते.

"काय म्हणालो देव?"

"तेंच्या आपरेशनाक देव नको म्हणूक नाय."

चंद्रभागाबाईंनी डोळे मिटून हात जोडले, आत गेल्या आणि मुलाच्या हातात पेन दिलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी सुनेपुढे तळवा पसरला.

"पाकळी दी. तेच्या उशाखाली ठेवूया."

सत्यवतीने पदराची गाठ मुठीत धरली.

"ती माझी, मांय."