मांजराच्या मिशा

ती एका गेम कंपनीत बाहेरून येणारी पिक्सेल चित्रं तपासायची. माणसाने एकेक चौकोन भरून काढलेलं चित्र कुठलं आणि एआयने बनवलेलं कुठलं, हे ती चटकन ओळखायची; कंपनीला फक्त हाताने काढलेलीच चालत. एके दिवशी जिन्यावर बसलेल्या मांजराचं चित्र आलं. मोठं करून पाहिलं, तर मिशांपाशी चौकोन अर्धवट कापलेले आणि नुसत्या शेपटीत चाळीसेक रंग, म्हणजे एआयच्याच खुणा. पाठवणाऱ्याचं नाव तिने दोनदा वाचलं. ते तिचे सर होते. आलेखाच्या कागदावर चौकोन भरून तिला चित्रं काढायला शिकवणारे, आठ रंगांच्या वर कधी जाऊ न देणारे.

सकाळीच तिने अशाच खुणांवरून तीन चित्रं परत पाठवली होती. तरीही सरांचं चित्र तिने 'हाताने काढलेलं' असा शेरा मारून पुढे सरकवलं.

दुपारभर तिचं कामात लक्ष लागेना. शेवटी तिने फोन केला.

"सर, तुमचं मांजर पास झालं."

"पास?" सरांनी विचारलं. "अगं, मला आता चौकोन दिसत नाहीत. मशीनकडून करून घेतलं. पाठवल्यावर लाज वाटली, पण तू पकडशील म्हणून निर्धास्त होतो."

"पकडलं होतं, सर."

"मग माझ्यापायी खोटं कशाला लिहिलंस? तुझ्या नोकरीवर येईल ना!"

फोन ठेवून ती तडक साहेबांकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. चित्र मागे घेतलं गेलं, तिला ताकीद मिळाली. पण दया दाखवायला जाऊन आपण सरांवर आपल्याच विद्यार्थिनीपुढे कबुली देण्याची पाळी आणली, हे तिच्या मनाला लागून राहिलं.